उताऱ्यात नसलेलं

मष्णू वाचतो ते
ब्रेक नसलेली सायकल उतारावरनं सोडल्यासारखं.
स्वल्पविराम उडून बाजूच्या रताळ्याच्या वाफ्यात पडतात,
पूर्णविरामावर त्याचा पाय टेकत नाही.
बेकिनकेऱ्याच्या शाळेत, चौथीला,
याच्याहून स्वच्छ वाचणारं पोर नाही.
जोडाक्षरं तर दाताखाली हरभरे फोडावेत तशी.
श्वास संपतो तिथं धडा संपतो.
मी विचारते, काय वाचलास?
"धडा."

मागच्या आठवड्यात फळ्यावर लिहिलं:
काल सकाळी झुंबट्याने तीन पुरकुले घुसळले.
किती पुरकुले?
तीन! कौलं हलतील एवढ्यानं.
कुणी घुसळले? झुंबट्यानं!
कधी? काल सकाळी!
पंचवीस पोरं, पंचवीस जणांना पैकीच्या पैकी.
कुणी विचारलं नाही, कोण हा झुंबट्या,
पुरकुला खायचा की अंगाला चोळायचा.
मी हसले, आणि हसू मध्येच अडकलं.
प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडका,
तिथून पुढच्या टिंबापर्यंत उतरवून काढा,
हे मीच तर शिकवत आले
अकरा वर्षं, एकदाही छडी न उगारता.

शिवलीला मागं बसते, मोडक्या गजाच्या खिडकीशी.
आई गोकाककडची; घरात कन्नड-मराठी
एकाच पाट्यावर वाटलेली.
वाचताना प्रत्येक शब्द ती आधी तिकडं नेते,
उलटासुलटा करून बघते,
मग इकडं आणून ठेवते, हळू, फुटेल म्हणून.
मिनिटाला एकोणतीस शब्द.
तक्त्यात तिच्या नावापुढं लाल खूण आहे,
खूण माझ्याच पेनानं केलेली.

आज फळ्यावर माझा मीच रचलेला उतारा:
दिवेलागण झाली. गंगव्वाने दोन ताटं वाढली.
दाराकडं बघितलं. एक ताट झाकून ठेवलं.
प्रश्न: गंगव्वाच्या घरात माणसं किती?
वहीत उत्तर तयार होतं. दोन.

"दोन!" मष्णू सगळ्यांच्या आधी,
मागोमाग वर्ग.
खिडकीकडून: "एकच, टीचर."
कशावरनं गं?
"दुसरं ताट ती रोज झाकती.
सकाळी कुत्र्याला घालती."
मष्णू बाकावर चढायचाच बाकी.
"रोज कुठं लिवलंय? कुत्रं कुठाय ह्यात?
दाखव की! दाखव!"

ती आली. चवड्यांवर उभी राहिली.
झाकून ठेवलं, त्याच्या पुढच्या टिंबावर
बोट टेकवलं.
"हितं."
बोटाला खडू लागला,
टिंब थोडं पुसलं गेलं.

वर्गात कुणी बोललं नाही.
बाहेर रताळ्याची पोती भरलेला टेम्पो
बेळगावच्या बाजाराला निघाला, त्याचा हॉर्न तेवढा.
मी वहीतलं दोन खोडलं,
मग काय लिहावं ते सुचेना.
एक म्हणावं तर ताट झाकलेलं आहे,
दोन म्हणावं तर खायला माणूस नाही.
उतारा माझा. अक्षर माझं.
गंगव्वाला मात्र मी आजवर भेटले नव्हते.

सोमवारी साहेब तपासणीला येतील.
"ओदु" म्हणतील, घड्याळाकडं बघतील.
मष्णू सुटेल,
साहेब मान डोलावतील.
शिवलीलाला मिनिटाला एकोणतीस,
फार तर एकतीस.
टिंबापाशी ती किती वेळ थांबली होती
ते लिहायला त्यांच्या कागदावर रकाना नाही.

जेवणाच्या सुट्टीत मष्णू आला,
ओले हात शर्टाला पुसत, सांबाराचा वास घेऊन.
टेबलाच्या कोपऱ्यावर नखानं रेघ ओढत
बराच वेळ उभा.
काय रे?

"टीचर,
ते पुरकुले म्हणजे काय वो?
तुमी सांगटलाच न्हाईसा."