राखेची पुरचुंडी

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की
बाबा चुलीतली राख चाळायला बसायचा.
शेणीची नको, जड असते.
कुंभ्याची घे, कारवीची घे, पिठासारखी.
मग जुन्या धोतराच्या तुकड्यात पुरचुंडी,
आणि ती कमरेला, काडतुसांच्याही आधी.

मी म्हणाले, "मी बी येतो."
आमच्या कोल्हापुरात पोरीसुद्धा येतो, जातो, खातो.
आई काही बोलायच्या आत
त्या एका क्रियापदावर बसून
मी राधानगरीच्या पुढचं रान गाठलं.

त्यानं कधी बसवून शिकवलं नाही.
चालता चालता त्याच्या तोंडून पडायचं,
मागून येणाऱ्यानं उचललं तर उचललं.

माज दिवाळीनंतर. त्याच्या आधी नर शाणा असतोय.
दोघं-तिघं मिळून हिंडत्यात, यात्रेला निघाल्यागत, भांडाण न्हाई.
पयला दिसला म्हणून हलू नगंस.
थोरला मागं असतोय.

पाण्यावर बसून काय उपेग?
पाऊस आत्ता गेलाय, पाणी सगळीकडं हाय.
चरतोय तिकडं चल.
पोट भरून घेतोय त्यो,
फुडं म्हयनाभर जेवणाची सुद राहणार न्हाई.

झाडं बघ. कमरेच्या वर साल सोललेली—
शिंगावरची लव घासलीय.
बोट लाव. ओलं, तर काल रात्री.
मुंग्या, तर परवा.
कोरडं, तर घरला चल.

उजाडायच्या आत सड्याची कड.
ऊन आलं की सांबर कारवीत उतरतं,
मग या डोंगरात सांबर नाही म्हणून
कुणीही बेलभंडारा उचलावा.

आणि वारा.
दोन बोटांत राख धरून नुसती सोडायची.
पुढं गेली, तर आपला वास आपल्या आधी पोचला;
गुमान मागं फिर, डोंगराला वळसा, दीड कोस.
तोंडावर आली, तर जागा बरोबर.
डोळ्यात जाईल. जाऊ दे. चोळू नगंस,
हात हलतोय.

एका वर्षी जयसिंगपूरचे तंबाखूवाले शेठ आले,
जीप, दोननळी, थर्मासमध्ये चहा.
म्हणाले, "गुंडू, मार्गशीर्षात जाऊ की.
तेव्हा म्हणे तो आंधळाच असतो, दिव्यापुढं उभा राहतो."
बाबानं पान या गालातून त्या गालात घेतलं.
"प्यालेल्याच्या खिशात हात घालायला
माझं काय काम, शेठ?"
त्या वर्षी आमच्या घरावर नवी कौलं पडली नाहीत.
आई पुढचे चार पावसाळे मोजून सांगायची,
कुठल्या पातेल्यात किती थेंब.

मी गेले ते पाच हंगाम.
बार निघाला दोनदा.
एकदा लागला. डोळा मिटेपर्यंत बाबा
टोपी काढून बाजूला बसला होता,
पाहुण्याच्या घरी वाट बघत बसावं तसा.
एकदा चुकला,
आणि परत येताना घाटभर शीळ घालत होता.

मग कायदा आला. बंदूक चौकीत जमा झाली.
फौजदारानं पुरचुंडी हुंगून परत दिली.
राजारामपुरीत माझ्याकडं राहायला आला तेव्हा
ती खुंटीवर, कॅलेंडरच्या मागं.
गॅसच्या शेगडीला राख नसते
याचा त्याला खरोखरच राग यायचा.

तिसऱ्या दिवशी पंचगंगेच्या घाटावर
थोरल्या भावानं गाडग्यात हात घातला,
मूठ उघडली.
वारा शिवाजी पुलाकडून.
सगळे लगबगीनं मागं सरले, पदर, रुमाल, तोंडं फिरवून.
"आक्के, सरक की अलीकडं, अंगावर येतंय."

मी हात हलवला नाही.
पापणीवर, ओठांवर, पिठासारखी.
पलीकडच्या काठाला उसात काहीतरी हललं, म्हैस असेल.
पहिलं दिसलं म्हणून हलायचं नसतं.

आश्विन चालू होता.
माजाला अजून तीन आठवडे.