जिथे चरबी होती

भाट्याच्या खाडीपलीकडचं हॉटेल, वरचा हॉल.
मेदपेशी आणि चयापचयाचे विकार, दोन दिवस.
फलकावर चयापचयातला एक च गळलाय,
कुणाच्या लक्षात आलेलं नाही, मला सोडून.

मी मयेकर, सिव्हिलच्या लॅबमधली.
छेद घेणारी, रंगवणारी,
काचेवर नाव नाही, नंबर लिहिणारी.
मला बोलावलंय कारण सातव्या नंबरची काच माझी आहे.
खुर्ची शेवटच्या रांगेत, एसीच्या तोंडाशी.

डॉ. घांगुर्डे पुण्याच्या, सावकाश बोलतात.
म्हणतात, चरबीला नावं ठेवू नका.
मेदपेशीत एक थेंब असतो, भोवती पातळ साय धरलेला,
त्या सायीवर राखणदार बसलेले,
कधी उघडायचं, किती सोडायचं, सगळा हिशोब.
पुढच्या रांगेतलं हैदराबादचं टक्कल हलतं.
मला मे अखेरचा आमचा माळा दिसतो,
सुके बोंबील, आमसुलं, उकडा तांदूळ, मिठातला चिंचेचा गोळा,
चार महिन्यांची बेगमी.
आणि माळाच नसला तर? त्या विचारतात.
(माळा मी म्हटलं. त्या डेपो म्हणाल्या.)

एरवीच्या पद्धतीत चरबी काचेवर राहत नाही.
झायलीन ती धुऊन नेतं.
उरतात पांढरी गोल भोकं,
ती बघून अहवालात लिहितात: चरबी, भरपूर.
सत्तावीस वर्षं मी नसलेलं रंगवत आले.

हा तुकडा तसा करायचा नव्हता.
मिरकरवाड्याच्या कारखान्यातला बर्फ, थर्मास,
पहाटेची कोल्हापूर गाडी,
आंबा घाटाच्या वळणांवर मांडीवर घट्ट धरलेला डबा.
शेजारचा म्हातारा म्हणाला, मासे काय?
मी म्हटलं, हो.

तिथे गोठवून कापला, लाल रंगात बुडवला.
आता तो पडद्यावर, भिंतीएवढा.
यकृत, आणि जागा मिळेल तिथे दाटीने लाल थेंब.
"रुग्ण सात. स्त्री, वय एकोणीस.
त्वचेखाली चरबी जवळपास शून्य.
चौदाव्या वर्षापासून मधुमेह."

रुग्ण सात माझ्या शेजारी बसलीय.
नाहिदा, साखरतरची.
गावाच्या नावावरून जेवढे विनोद होऊ शकतात
तेवढे तिचे ऐकून झालेत.
बाहेर घामाच्या धारा, तरी हिच्या बाह्या मनगटापर्यंत,
दंडावरच्या शिरा दिसू नयेत म्हणून.
शाळेत तिला पैलवान म्हणायचे.

"बाई, यातली मी कुठली?"
सगळीच.
ती बराच वेळ बघते.
"लाल म्हणजे काय?"
खाल्लेलं. ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून इथे आलेलं.

मग ती हळूच सांगते, पडद्यावरची नजर न काढता,
की शेजारणी आईला विचारतात,
मुलगे एवढे गुटगुटीत आणि पोरीचीच हाडं कशी?
पोटभर घालत नाहीस काय?
आणि आई त्या रात्री पुन्हा
नारळाच्या दुधातला भात कालवते, वर तूप सोडते,
समोर बसून राहते, ताट रिकामं होईपर्यंत.
वर्षानुवर्षं. कुणी सांगितलंच नव्हतं.

वीज जाते, आज तिसऱ्यांदा.
जनरेटर लागेपर्यंत अंधारात
कुणीतरी इंजेक्शनची किंमत विचारतं,
कुणीतरी आकडा सांगतं, कुणीतरी हसतं,
आणि खालून तळत्या सुरमईचा वास जिना चढून येतो.

पडदा परत लाल होतो.
नाहिदा मोबाइल उंच धरते.
फोटोत ते टक्कल आलंय, खालचा कोपरा झाकून.
दुसरा काढ, मी म्हणते.
"चालेल. अम्मीला दाखवायचाय.
तिनं घातलेलं सगळं आहे यात."

जेवणाच्या रांगेत ती भात वाटीने मोजून घेते.
मी सुरमईच्या दोन तुकड्या घेते
आणि एक परत ठेवते,
का ते मला नीट सांगता येणार नाही.