गालातल्या गालात

झुल्मिरा, उठून बस. रेघा बसूनच काढतात.
आडवी झालीस की चेहरा कानांकडे ओघळतो,
दहा वर्षं फुकटात कमी होतात
आणि डॉक्टर फसतात.

हनुवटी सरळ. माझ्याकडे बघ,
खिडकीत काय, पेलोतासचं धुकं, ते रोजचंच.
हा पेन थंड लागेल.
एकोणतीस वर्षं मी या वॉर्डात आहे.
डॉक्टरांनी सांगितलं त्याखाली तू सही केलीस.
उरलेलं मी सांगते.

पापणीच्या केसांखाली एक चीर, कानशिलाच्या केसांत दुसरी.
गालाची उशी घसरून तोंडाच्या कोपऱ्याशी बसली आहे,
ती उचलून वर हाडाशी टाचतात.
तू साच्यातून घाईने काढलेली बलकाची मिठाई
बोटाने सावरतेस ना, कुणी बघायच्या आत?
तेवढंच.
फक्त तुला झोप लागलेली असेल.

तिसरा दिवस सगळ्यात वाईट.
डोळे फटीएवढे, आरशात कुणीतरी गाल फुगवून बसलेलं.
डावा उजव्यापेक्षा जास्त सुजतो. का, ते मला विचारू नकोस.
मग रंग खाली उतरू लागतात:
जांभळा, शेवाळी,
शेवटी गळ्यापाशी तुझ्या मिठाईचा पिवळा.
आपण वर टाचलं तरी
रक्ताला खाली जायचंच असतं.

दोन उशांवर पाठीवरच झोप. कुशीवर नाही.
चावायचं नाही. कोमट सूप, चमच्याने.
आणि माते बंद, तीन आठवडे.
नळी ओढायची म्हणजे गालच ओढायचे.
कळलंय, सकाळी पहिला घोट तुझा असतो.
तो झेनाइदे घेईल.

हसू नकोस.
गालातल्या गालातही नको,
तिथेच तर टाके आहेत.

पाचव्या दिवशी रडशील.
दुखतं म्हणून नाही.
सगळ्या रडतात, न्यायाधीशाची बायको रडली,
बेकरीतली ती दांडगी इवोनेसुद्धा.
मीठ टाक्यांना लागू देऊ नकोस, टिपून घे, पुसू नकोस.

आता एक गोष्ट, जी कागदावर
'तात्पुरती बधिरता' अशी तीन इंचांत संपते.
आपल्याकडे दारात तीन मुके घेतात.
तिसरा लग्न जमावं म्हणून.
तुम्हा बहिणींना एकसष्ट वर्षांत किती तिसरे मिळाले,
जमलं एकीचंही नाही, ते असो.
तर ते मुके तुला ऐकू येतील.
लागणार नाहीत.
कुणीतरी शेजारच्या घराचं दार वाजवावं, तसं.

झेनाइदे बाहेर बाकावर आहे.
थर्मास मांडीवर, कोट अजून अंगातच.
तुझ्याहून वीस मिनिटांनी धाकटी, आणि अगदी
तुझ्याच जागी पडलेला चेहरा घेऊन.
मघाशी मला अडवून म्हणाली,
"हिला माझं तोंड नको झालं का?"

मी म्हटलं, बाई, मला रक्तदाब घ्यायचाय.

उद्या तू आत असशील तेव्हा
तिला माझ्याकडे काही उत्तर नाही.
तुझ्याकडे असेल तर आत्ता जा.
पण गाल पुसू नकोस, रेघा फिसकटतील.
ती बघेल तुझ्या तोंडावर कुठून कुठे काय न्यायचंय,
जांभळ्या बाणांसकट.
बघू दे.
एवढा नकाशा दोघींचा मिळून शेवटचा.

दोन महिने, अडीच, कधी तीन,
मग मुंग्या येतील.
त्यांना घाबरू नकोस, साखरेच्या घरात वाढलीस तू.
आधी एक, डोळ्याखाली. मग रांग.
मग एका सकाळी ती वाकेल
आणि तिचं थंड नाक तुला लागेल.

त्या दिवशी फोन कर.
रात्रपाळीला मीच असते. ओदेतला द्या म्हण.

हं, आता डावी बाजू.
हलू नकोस.