खवट

उणे चाळीस. इथं सेल्सिअस आणि फॅरेनहाइटचं एकमत होतं,
बाकी फेअरबँक्समध्ये कशावरच होत नाही.
काढलेल्या रक्ताची नळी लगेच काखेत धरायची.
गोठलं तर तांबड्या पेशी फुटतात,
आणि फुटलेलं रक्त खोटं बोलतं.
पहिल्या हिवाळ्यात मी अकरा नमुने घालवले
तेव्हा काखेची युक्ती वर्ना हकबीने दाखवली.
कुत्रे तिचे. चोवीस.

तिच्याकडे एका वेतातल्या पिल्लांची नावं एकाच कुळातली.
हे वेत चीजचं : चेडर, ब्री, फेटा,
आणि सर्वांत पुढे जुंपतात तो गूडा.
वय नऊ. डाव्या कानाला शेंडा नाही.
सुई दिसली की तोंड फिरवतो,
पाय मात्र आपणहून पुढे करतो,
बँकेत सही करणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.

ऐंशी मैल पळून आलेत.
तोंडांवर हिमाच्या मिश्या, आणि वाफ, वाफ.

"मोजतेस काय नक्की?" वर्ना विचारते.
मी म्हटलं, गंज.
तिनं तिच्या ट्रकच्या दाराकडे पाहिलं.
आमच्या नागपुरात दूध तापवतात त्या भांड्यालाही गंज म्हणतात,
ते सांगत बसले नाही.
म्हटलं, छातीभर ओढलेला प्राणवायू, त्यातलाच थोडा उलटतो,
पेशीच्या चरबीला चावतो.
कुंपणानंच शेत खायचं, तसं.
कुंपणाचं इंग्रजी केलं. ती म्हणाली, कुंपण असतं कुणाकडे.

खरा शब्द मला रात्री प्रयोगशाळेत सापडला.
खवट.
दिवाळीनंतर डब्याच्या तळाशी उरलेला चिवडा,
फाल्गुनात उघडलेलं खोबरं.
आई नुसतं झाकण उचलायची, नाक आत,
आणि निकाल. अपील नाही.
मी तेच करते, फक्त
पंच्याण्णव अंशांवर तासभर उकळून,
थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून,
पाचशे बत्तीस नॅनोमीटरच्या उजेडात धरून.
खवटपणाचा रंग गुलाबी येतो.
आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, काहीतरीच.

ब्रीची नळी आधीच गुलाबी होती.
टाकली. (काखेतून निसटली असणार.)
फेटा, चेडर : पळण्याआधी कमी, पळून आल्यावर जास्त,
दोन दिवसांनी पुन्हा खाली. आलेख कसा शहाण्यासारखा.
गूडाचा चढला, आणि उतरलाच नाही.
पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं.
पिपेट बदलली, मग माझ्यावरच संशय घेतला.
आकडा तिथेच बसून,
दाराशी बसलेल्या कुत्र्यासारखा.

"कितीच्या वर गेलं की थांबवायचं?"
मी म्हटलं, कुत्र्यांसाठी तशी रेघ
अजून कुणी मारलेली नाही.
वर्नानं हातमोजा दातांनी काढला,
कागद घेतला, उलटा धरला, सरळ केला.
"म्हणजे मोजायचं तू, ठरवायचं मी."
हो म्हणण्याखेरीज काय होतं माझ्याकडे.

शनिवारी पुढे फेटाला जुंपलं.
गूडा घरात, स्टोव्हजवळ, जुन्या कोटावर.
स्लेज हलली तेव्हा तो ओरडला नाही;
उठला, दाराच्या फटीला नाक लावलं,
आणि तसाच राहिला उभा.
वर्नाचा मुलगा सांगत होता, दुपारपर्यंत.
दुपार म्हणजे इथं दोन तास.

त्याच्या रक्ताचं जे उरलं ते उणे ऐंशीच्या कपाटात आहे,
बाहेरच्या दुप्पट थंडीत. चिठ्ठीवर जी-नऊ.
ठेवण्याआधी, नियमात बसत नाही तरी,
बूच काढून वास घेतला.
काही नाही.
लोखंड, थोडंसं.
की ती माझ्याच हातमोज्याची?
पुन्हा घेतला.