चार जणी, पायी

मांडवीच्या कमानींखालून
रविवारी सकाळी साडेसातला
आम्ही चौघी निघालोय,
आपल्याच गावात, पाहुण्यांसारख्या.
कल्पना रेवतीची.
म्हणाली, लाइपझिगला रोज बारा किलोमीटर चाललो
आणि इथे दांडिया बाजारातून न्यायमंदिराला
रिक्षा करतो. लाज नाही वाटत?
वाटली थोडी.
म्हणून हे बूट, तेच, तिकडचे,
तळव्याच्या खाचेत अजून तिथला एक खडा.

तिच्या लेकीच्या पदवीदानाला गेलो होतो.
लेक कामात, आम्ही मोकळ्या.
नकाशा रेवतीकडे, उलटा.
थेपले तेजलकडे.
हिशेब माझ्याकडे, बत्तीस वर्षं बँकेत काढलीत;
ट्रामचं तिकीट नव्वदनं गुणलं
आणि म्हटलं, पायांना काय झालंय?
शाहीनकडे काहीच नव्हतं.
ती नुसती बघत यायची,
नेहमी दहा पावलं मागे.

एकदा रस्ता रिकामा, चिटपाखरू नाही,
तरी सिग्नलमधल्या तांबड्या माणसापुढे
एक आजोबा कुत्र्यासकट उभे.
आम्हीही उभ्या राहिलो हसू दाबत,
बाईंनी वर्गाबाहेर काढलेल्या मुलींसारख्या.
हिरवा झाला तशी तेजल म्हणाली,
"चालो, रजा मळी!"

मग एका गल्लीत, बेकरीच्या दाराशी,
शाहीन वाकलेली दिसली.
वाटलं, बुटाची नाडी.
पण फरशीत पितळेचा तुकडा होता
तळहाताएवढा.
नाव, साल, दुसरं साल,
आणि सगळ्यात वर दोन शब्द,
ते लेकीनं संध्याकाळी सांगितले:
इथे राहायची.
शाहीननं ओढणीचं टोक थुंकीनं ओलं करून
तो पुसला, घरच्या पानदानासारखा.

त्यानंतर शहर फारसं पाहिलं नाही.
खाली बघत चाललो.
मी मोजले, सवय आहे.
एकवीस.

आज सेव उसळ झाली,
तरी नाकात गेली,
लहरीपुरा दरवाजापाशी रेवती
कुठे काय होतं ते सांगतेय,
इथे वह्यांचं दुकान, इथे तो तिरळा शिंपी,
आणि मागे राहणारी शाहीन
आज पुढे.
एका बोळात वळते.
आम्ही मागोमाग, न विचारता.

हा बोळ ओळखीचा.
आठवीत ईदला शीरखुर्म्यासाठी यायचो,
तिची अम्मी माझी वेणी पुन्हा घालायची, घट्ट,
डोळे ताणले जाईस्तोवर.
मग एका वर्षी ट्रक आला.
ते सगळे तांदलजाला राहायला गेले.
तिकडे हवा चांगली आहे,
असं आम्ही एकमेकींना सांगितलं.
सामान उचलायला कुणी आलो नाही.
माझी बढतीची परीक्षा होती,
रेवतीची लेक तान्ही,
तेजलच्या घरी लग्न.
कारणं होती.

घर नाही.
मोबाइलच्या कव्हरांचं दुकान, शटर बंद,
पुढे पेव्हर ब्लॉक, लाल आणि करडे.
शाहीन खाली बघते.
खाली काही नाही,
एक चहाचा कागदी कप, चेपलेला.
तेजलच्या हातात लीला चेवड्याची पुडी,
ती फोडत नाही.
मी मोजायला जाते
आणि कुठून सुरू करायचं कळत नाही.

समोरच्या ओट्यावर दात घासणारा म्हातारा
ब्रश बाहेर काढून विचारतो,
"कोने शोधो छो, बेन?"
"कोईने नहीं, काका," शाहीन म्हणते,
"फरवा निकळ्या छीए."
खरंच होतं ते.
फिरायलाच तर निघालो होतो.

ती वळली. आम्हीही वळलो.
आणि त्या शटरपुढून जाताना
कुणी कुणाला न सांगता
पाय उचलून, जरा लांब टाकला,
खाली काही असावं तसा.
तेजलचा गुडघा मागच्याच वर्षी बदललाय.
तिनंसुद्धा.