हजाराची मोजणी

साखर पेठेतल्या आमच्या शाखेत
काचेवरचा तो कागद मीच चिकटवलाय:
ओटीपी कुणालाही सांगू नका.
खाली तक्रारीचा नंबर, ठळक.
एक कोपरा केव्हाचा सुटलाय.

राजमणी गुर्रम आली विड्यांची मजुरी काढायला.
अंगठा मशीनवर उमटेना,
पानं कापून कापून रेषा झिजल्यात.
पुन्हा पुसून ठेवता ठेवता म्हणाली,
"परवा फोन आलता, सर.
ब्यांकेतनं बोलतो म्हणे.
सहा आकडे सांगा, नाहीतर खातं बंद.
मी एकविसावर होते. पंचविसाचा कट्टा.
मधेच दुसरा आकडा तोंडात घेतला
की मोजणी गेली, पहिल्यापासनं करा.
म्हटलं, थांब बाबा, हजार होऊ दे.
संध्याकाळपर्यंत थांबतंय होय ते!"

हसली. मीही हसलो.
सांगितलं नाही तिला
की मार्च एंडच्या रात्री, विजापूर रोडला,
ताटात कडक भाकरी तशीच ठेवून,
'वीजबिल थकले, साडेनऊला पुरवठा तोडू'
एवढ्या एका ओळीला भिऊन
मी, बी.कॉम., एकोणीस वर्षं नोकरी,
निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं.
साडेनऊला दिवे चालूच होते.
चौदा हजार तेवढे गेले.

तो ठळक नंबर मीच टाईप केलेला.
लावला नाही.
उचलणाऱ्यानं विचारलं असतं,
"आपण काय करता?"

"सर, झालं का?"
नाही अजून. परत ठेवा.
चौथ्यांदा तिनं अंगठा पदराला पुसला.
मशीनला काही ती पटत नव्हती.