कोरडा डाग

नऊ स्क्रू निघाले. दहावा गंजलेला,
तो वेल्गाने तोडला.
झाकणाखाली चाळीस वर्षांची धूळ, आणि राख.
इवार्स लग्नांत वाजवायचा तेव्हा
सिगारेट पट्ट्यांवरच झटकायचा.

एकतीस वर्षं तिने रीगात ट्राम हाकली.
वीज तिला ठाऊक ती डोक्यावरच्या तारेपुरती.
सोल्डरिंगची कांडी कुठे धरायची,
हे बोट भाजल्यावर कळलं.
कपॅसिटर उलटा बसवला, तो फटाका झाला,
शेजारच्या झेंताने भिंत ठोकली.

आकृती रशियनमध्ये.
शाळेत त्या भाषेत ती जेमतेम पास;
आता भिंगाखाली एकेक अक्षर लावते,
मीटरचं लाल टोक इथे, काळं तिथे,
आकडा येतो, पण म्हणजे काय?

काळी दोन मुकी.
बाकीच्या बोलतात,
तोंडात घास असल्यासारख्या.

शेवटी तळाच्या पत्र्यावर, पेन्सिलीने,
भावाचं तिरकं अक्षर:
‘इथला डाग कोरडा. रविवारी बघतो.’
कुठला रविवार, ते नाही.

तिने चहा केला. प्यायला नाही.
मग कांडी तापवली,
कथील पाण्यासारखं पसरलं, चकाकलं, थिजलं.

काळी दोन बोलली.
अर्धा सूर उतरलेली,
पण तापेल तशी चढत गेली,
जिना चढणाऱ्या जाड्या माणसासारखी, धापा टाकत.

धूळ तिने पुसली. राख राहू दिली.
झाकण लावण्याआधी पेन्सिल शोधली
आणि त्याच्या ओळीखाली लिहिलं:
‘झालं. बुधवारी.’
थोडं थांबून,
‘पांढरी पाच घोगरी आहे. ती तू बघ.’